झेंडू, तुळस आणि कामगंध : एका खरिपाच्या प्रकल्प नोंदी

२२ जून २०२४

परवाच्या पावसाने वीतभर ओल गेली, म्हणून आज सरकी टोबली. वावर साडेचार एकर. त्यातलं नाल्याकडचं एक एकर बाबांनी "घे तुह्या प्रयोगाले" म्हणून सोडलं. पीक तिथेही पऱ्हाटीच, म्हणजे कापूस, आठ तासांमागे (ओळींमागे) दोन तास तुरीचे. पण त्या एकरात धुऱ्यावर (बांधावर) काय लावायचं, मध्ये काय घालायचं, फवारा कधी काढायचा हे मी ठरवणार. अट एकच: घाटा आला तर "कॉलेजात असंच शिकवलं" हे ऐकवायचं नाही.

गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं. २०१७ साली मी बारावीत होते. त्या वर्षी बोंड फोडलं की आत किडकी सरकी आणि गुलाबी अळी निघायची, बोंडअळीविरुद्धचं बीटी बियाणं लावूनसुद्धा. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. तेव्हापासून घरातून पंप निघाला की आईचं दिवसभर रस्त्याकडे लक्ष असतं.

प्रश्न लिहून ठेवते, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत विसरेन. अमावास्येच्या रात्री आमच्या अंगणातून मला समोर तूर आहे की पऱ्हाटी हे सांगता येत नाही. पाव इंचाच्या पतंगाला ते कसं कळतं? आणि कळतंच आहे, तर त्याला भलत्या ठिकाणी बोलावता येईल का?

५ जुलै

धुऱ्यावर दोन-दोन हात अंतराने एरंडी लावली. पानं कुरतडणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीची मादी एरंडीच्या रुंद पानावर पुंजक्याने अंडी घालते आणि वरून अंगावरचे भुरे केस चिकटवते. पुंजका दिसला की पान तोडायचं, साबणाच्या पाण्यात बुडवायचं, झालं.

झेंडूचं बी गादीवाफ्यावर टाकलं, मोठ्या फुलाचा आफ्रिकन झेंडू. हा हेलिकोव्हर्पासाठी सापळा पीक, म्हणजे तिने कापूस सोडून इकडे यावं म्हणून. या एकाच अळीला आमच्याकडे तीन नावं: कापसावर हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंग पोखरणारी, हरभऱ्यावर घाटेअळी. बाबा अजूनही त्यांना तीन वेगळ्या किडी समजतात, आणि दुकानदाराने त्यांना त्याच हिशेबाने तीन वेगळ्या बाटल्या विकल्यात.

आज दुपारी जुन्या वह्या काढल्या. गवत कापल्यावर जो हिरवा वास येतो तो सहा कार्बनच्या अल्डिहाइड-अल्कोहोलांचा, आणि तो जवळपास प्रत्येक हिरव्या पानातून निघतो. कापसाच्या पानात त्यावर पाइनीन, मिरसीन, कॅरिओफिलीन अशी टर्पिनं असतात, पण तीही शेकडो झाडांत सापडतात. म्हणजे कापसाचा म्हणून एकच खास वास असतो असं नाही. पतंग प्रमाण ओळखतो. खडा मसाला सगळ्या घरांत तोच असतो, तरी आजीची वांग्याची भाजी आणि मावशीची भाजी डोळे मिटून वेगळी सांगता येते, तसंच हे.

या विषयातली सगळ्यात जुनी माझ्या आवडीची गोष्ट १९१० ची आहे. फेरशाफेल्ट नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने कोबीवरच्या अळ्यांना त्या एरवी तोंड लावत नाहीत अशी पानं दिली, पण आधी त्यांवर मोहरीवर्गातल्या झाडांतलं सिनिग्रिन हे द्रव्य लावलं, ज्यातून त्यांचा तिखटपणा तयार होतो. अळ्यांनी ती पानं खाल्ली. मोहरी-कोबीने शत्रूला पळवायला तिखटपणा कमावला आणि एका शत्रूने तोच पत्ता म्हणून पाठ केला.

२५ जुलै

आठवडाभर झड. आज उघडीप मिळाली तेव्हा झेंडूची रोपं लावली, कापसाच्या आठ तासांनंतर एक ओळ. मजूर बायांनी विचारलं, "लगन कोनाचं हाये वो?"

६ ऑगस्ट

पऱ्हाटी पंचेचाळीस दिवसांची झाली, पाते (फुलकळ्या) लागताहेत. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे, लावले. गुलाबी बोंडअळीचे दोन, हेलिकोव्हर्पाचे दोन, पिकाच्या शेंड्यापेक्षा हातभर उंच.

ल्यूरची, म्हणजे सापळ्यात बसवायच्या गंधाच्या टोपीची, पाकिटं दुकानात काचेमागे उन्हात पडलेली होती. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, पण तालुक्यात दुसरीकडे नव्हती. घरी आणून फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली. आजीने एक पाकीट नाकाला लावलं आणि म्हणाली, "याले त काही वासच नाही. फसोलं तुले."

वास आहे, आपल्यासाठी नाही. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध म्हणजे दोन जवळपास सारख्या रेणूंचं निम्मे-निम्मे मिश्रण. ते १९७३ साली उलगडलं आणि त्याला गॉसिप्लुअर नाव पडलं. त्याआधी १९५९ मध्ये जर्मनीत बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाचा गंध ओळखला, तो जगातला पहिला. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या. पाच लाख माद्यांमधून निघालेला अर्क किती, तर चिमटीतही धरता येणार नाही एवढा. माझ्याकडे तेच काम करणारी रबराची टोपी पाकिटात येते आणि मी दुकानदारावर चिडते.

आजची चूक: गुलाबीची ल्यूर बोटांनी बसवली आणि त्याच बोटांनी हेलिकोव्हर्पाचं पाकीट फोडलं. दुसऱ्या टोपीला पहिल्याचा गंध लागला की सापळा बिघडला समजायचं. ती टोपी घरी नेऊन वेगळी ठेवली. उरलेल्या टोप्या प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून लावल्या.

९ ऑगस्ट

नागपंचमी. आज वावरात औत-खुरपं चालत नाही, म्हणून रात्रीचं काम घेतलं. मी, धाकटा भाऊ, दोन टॉर्च, देवघरातली उदबत्ती.

सापळ्याखाली उदबत्ती लावून टॉर्च आडवा धरला. मला वाटलं होतं की धूर वाऱ्याबरोबर पंख्यासारखा पसरत पातळ होत जाईल. तसं झालं नाही. हातभर अंतरावरच त्याचे धागे झाले, धाग्यांच्या गाठी झाल्या, आणि दोन गाठींच्या मध्ये अगदी स्वच्छ हवा. वीस पावलांवर उभ्या भावाला मी विचारत होते, "येतो का?" तो म्हणायचा, "आला... गेला... आला." कापसाचा वास असो की मादीचा, पतंगापर्यंत तो असाच तुकड्या-तुकड्यांनी पोचतो. तुकडा लागला की पतंग वाऱ्याच्या तोंडावर पुढे सरकतो. तुटला की आडवा डावी-उजवीकडे झोके घेत पुन्हा शोधतो.

एकच्या सुमारास तो नाच प्रत्यक्ष बघितला. मातकट, नखाएवढा पतंग तुरीच्या तासावरून आडवा आला, थबकला, दोनदा झोके घेतले, सापळ्याच्या कडेवर बसला. भावाने श्वास सोडला तसा उडाला. गुलाबीचे पतंग रात्रीच हालचाल करतात, म्हणून दिवसा वावरात फिरणाऱ्याला वर्षभर एकही दिसत नाही आणि तो म्हणतो, कीड अचानक आली.

२७ ऑगस्ट

गुलाबीच्या दोन्ही सापळ्यांत रात्रीला दोन-तीन. काळजीची पातळी म्हणजे सापळ्यामागे आठ पतंग, तेही सलग तीन रात्री. अजून लांब आहोत.

शेजारचे काका आले होते. त्यांच्या धुऱ्यावर पिवळे चिकट पट्टे लटकतात. म्हणाले, "माह्याजवळ बी सापळेच हायेत, तुह्यापेक्षा सस्ते." त्यांना सांगितलं की पांढरी माशी आणि तुडतुडे त्या पिवळ्या रंगाला भुलतात, रात्रीच्या पतंगाला त्याचं काही नाही. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: "तुह्या डब्यात पतंग पडून रायले, म्हणजे कीड कमी होऊन रायली ना?"

नाही काका. पडतात ते सगळे नर, आणि उरलेला एक नर कितीतरी माद्यांना पुरतो. दोन सापळे म्हणजे थर्मामीटर. काकांनी थर्मामीटर पट्कन समजून घेतला, कारण त्यांच्या घरी नुकताच डेंग्यू होऊन गेला होता.

वावरभर गंध पसरवून नरांना मादी सापडूच द्यायची नाही, अशीही रीत आहे. अमेरिकेत बीटी कापूस, वांझ केलेले पतंग आणि असा गंध हे सगळं एकदम लावून धरलं तेव्हा २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी तिथल्या कापसातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. त्याला सगळं शिवार एकत्र लागतं. माझ्या एका एकरात नर चकला तरी मादी काकांच्या वावरात गरोदर होऊन माझ्याकडे येणार.

२ सप्टेंबर

पोळा. बैलजोडी आता आमच्याकडे नाही. झेंडूची पहिली फुलं काकांच्या बैलांच्या गळ्यात गेली. सापळे मोजले नाहीत.

९ सप्टेंबर

परसातला पेरू. आडवा चिरला की आत पांढऱ्या अळ्या, म्हणजे फळमाशी. तिच्या नरांना मिथाइल युजेनॉल हा पदार्थ इतका आवडतो की त्यापायी ते जीव देतात. याचा शोध भारतातच लागला. बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेत हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. सिट्रोनेला तेलाकडे या माश्या झेपावतात हे त्यांनी १९१२ मध्ये नोंदवलं, आणि १९१५ मध्ये त्यामागचा नेमका पदार्थ म्हणून मिथाइल युजेनॉल समोर आलं. नर ते चाटतो आणि अंगात त्याचं रूपांतर करून मादीला रिझवायचा गंध तयार करतो. अत्तर लावून वरातीत जाणाऱ्यासारखंच.

हाच पदार्थ तुळशीतही असतो. म्हणून एक सापळा विकतच्या ल्यूरचा आणि एक तुळशीचा, असं काल ठरवलं होतं. पण काल रविवार, आजीने वृंदावनासमोर आडवा हात धरला. "आइतवारी तुळस तोडत नाई. माशी एक दिवस जगली त काही होत नाही." आज सकाळी तिनेच नमस्कार करून मूठभर पाला काढून दिला. तो ठेचून बाटलीत घातला, तळाशी साबणाचं पाणी, अंगाला चार भोकं.

संध्याकाळी ल्यूरच्या बाटलीत एकतीस, तुळशीच्या बाटलीत नऊ. आजीच्या मते नऊच खऱ्या, बाकीच्या "औषधानं बावचळलेल्या". तुळशीची गोम मात्र लगेच कळली: दुपारनंतर पाला सुकला तशी माशी येणं थांबलं. रोज ठेचावा लागेल, आणि रविवार, एकादशी, द्वादशी वगळून.

१६ सप्टेंबर

फजिती. आईच्या काकडी-दोडक्याच्या वेलावर मी तीच ल्यूर टांगली होती. सात दिवसांत बाटली भरली आणि काकड्या तेवढ्याच सडल्या. आईने वाकडी झालेली काकडी माझ्या ताटात वाढली, बोलली काही नाही.

बाटलीत पडल्या त्या पेरूवरच्या जाती. वेलवर्गीय भाज्यांची फळमाशी वेगळी, तिला मिथाइल युजेनॉलचं सोयरसुतक नाही. तिला क्यूल्यूर हा वेगळा गंध लागतो. दुकानात दोन्ही "फळमाशी ट्रॅप" याच नावाने मिळतात. मी चार वर्षं हे शिकलेली बाई.

२८ सप्टेंबर, मामाकडे, वरुड तालुका

संत्र्याच्या आंबिया बहाराला रंग चढतोय आणि फळगळ सुरू झालीय. मामा गळीला पावसाला दोष देत होता. संध्याकाळी पडलेल्या संत्र्यांतलं एक हातात घेऊन दाबलं, तर टाचणीच्या भोकातून रसाची धार मनगटापर्यंत आली. भोकाभोवती तपकिरी, मऊ कडं.

रात्री साडेआठला बागेत गेलो. टॉर्च फिरवला की झाडात निखाऱ्यासारखे ठिपके चमकायचे, ते पतंगांचे डोळे. जवळ गेलो. वरचे पंख वाळल्या पानासारखे, आणि फडफडला की खालचे पंख भगवे. सोंड संत्र्यात रुतवून, डोकं खालीवर करत, आरामात. टॉर्चने बिथरला नाही. एरवी पतंगाची अळी नुकसान करते आणि पतंग फुलातला मध पिऊन मरतो. इथे उलटं: सोंडेचं टोक काट्यासारखं टणक असल्याने पतंगच सालीला भोक पाडतो, त्या भोकातून बुरशी आत जाते आणि फळ देठ सोडतं.

त्याला बोलावतो तो पिकत्या फळाचा वास. पडलेलं, आंबलेलं संत्रं तर आणखी लांबून. मामाच्या बागेत गळलेल्या फळांचा ढीग बांधावरच होता, म्हणजे आमंत्रणपत्रिका दारालाच चिकटवलेली. सकाळी चौघांनी मिळून तो खड्ड्यात पुरला. संध्याकाळी ओल्या गवताची धुनी करायची, हे मामाचे वडील करायचे. मच्छरांसाठी करतात असं मामाला वाटायचं. धुराने फळाचा वास झाकला जातो.

पण पतंग बागेत येतो, बागेत वाढत नाही. त्याची अळी राहते गुळवेल आणि वासनवेलीवर. बागेच्या कडेच्या दोन्ही कडुनिंबांवर गुळवेल चढलेला. कोरोनात सगळ्यांनी काढा उकळला तेव्हा मामीने तो हौसेने लावला होता. मी "काढून टाका" म्हटलं, तर मामीचा चेहरा असा झाला की मी पुढे बोलले नाही. शेवटी ठरलं: एक वेल घराजवळ राहील, आणि तिच्यावरच्या अळ्या मामी स्वतः वेचेल.

१२ ऑक्टोबर

दसरा. बाबांनी पहाटेच झेंडू तोडला, तीन गोण्या, आणि भावाला गाडीवर हिंगणघाटला पिटाळलं. माझ्या सापळा पिकाचे पैसे झाले म्हणून मी आक्षेप घेतला नाही. घ्यायला हवा होता.

दाराला तोरण लावलं, मोटारसायकल धुऊन हळद-कुंकू लावलं, हँडलला माळ. बाबा नारळ फोडायला वाकले आणि माळेतल्या एका फुलातून हिरवी अळी टाकीवर पडली. बोटाच्या पेराएवढी, अंगावर फिक्या रेघा. ती टाकीवरून आरामात सीटकडे निघाली. मग तोरण हलवलं. सहा. आजीने पदर तोंडाला लावला आणि हसून हसून तिला ठसका लागला. हिंगणघाटात किती दारांवर माझ्या अळ्या गेल्या असतील ते देव जाणे.

१६ ऑक्टोबर

हसून झालं, आता हिशेब.

पन्नास फुलं उकलली, चौदांमध्ये अळी. म्हणजे झेंडूने बोलावलं हे खरं. फुललेल्या झेंडूतून फिनाइलअॅसिटाल्डिहाइड, बेंझाल्डिहाइड, लिनालूल अशी द्रव्यं सुटतात आणि हेलिकोव्हर्पाच्या मादीला ती ओढतात. तिला अंडी घालायला पाते-फुलांवर आलेलं पीक हवं असतं, त्यात उग्र वासाचा फुलोरा म्हणजे जत्राच.

पण दसऱ्याला आम्ही फुलं तोडली. गोणीत गेल्या त्या अळ्या गेल्या. झाडावर राहिल्या त्यांचं अन्न एका सकाळीत नाहीसं झालं, आणि त्या शेजारच्या तासावर सरकल्या. झेंडूलगतच्या दोन्ही तासांत पात्यांना गोल भोकं, भोकातून विष्ठा बाहेर. चार तास दूर गेलं की भोकं तुरळक. पतंगही येतच राहिले असणार, आणि जत्रेत दुकानं उठलेली बघून बाजूला बसले असणार.

आजीला हे समजावून सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "बलावून त आणलं बाई. आता त्याईले निपटवन कोन?"

कॉलेजच्या चार वर्षांत सापळा पिकावर एवढं नेमकं वाक्य मी ऐकलं नव्हतं. पुस्तकात असतं "सापळा पीक लावावे", पूर्णविराम. लावल्यानंतर दर तिसऱ्या दिवशी कुणीतरी ओळीतून फिरायचं, अंडी-अळ्या वेचायच्या किंवा फक्त त्या ओळीवर औषध मारायचं, हे काम कुणाच्या दिवसात बसवायचं ते कुठे लिहिलेलं नसतं. एरंडीचं मला जमलं कारण पुंजका एका नजरेत दिसतो. झेंडूचं राहिलं कारण हेलिकोव्हर्पा एकेक अंडं सुटं घालते, खसखशीच्या दाण्याएवढं, आणि सप्टेंबरचा शेवट मी मामाकडे होते.

संध्याकाळी उरलेल्या झेंडूवर आणि लगतच्या तासांवर एचएएनपीव्ही मारलं. अळीला रोग आणणारा विषाणू आहे हा, उन्हात मरतो म्हणून फवारा सूर्य कलल्यावर. आईने रस्त्याकडे पाहिलं नाही. मी तिला आधीच सांगितलं होतं की हे माणसाला काही करत नाही.

२१ ऑक्टोबर

उलट्या टांगलेल्या, काळ्या, पिलपिल्या अळ्या. एचएएनपीव्ही लागलं. घाणेरडा आनंद झाला.

२५ ऑक्टोबर

गुलाबीच्या सापळ्यांत सलग तीन रात्री नऊ, अकरा, आठ. डोमकळ्याही दिसल्या: फूल पुरतं उमलत नाही, पाकळ्या अळीच्या धाग्यांनी आवळलेल्या, मिटल्या गुलाबासारख्या. वीस हिरवी बोंडं तोडून ओट्यावर फोडली. तिघांत अळी. दहा टक्क्यांची पातळी ओलांडली.

गुलाबीसाठी मी झेंडू किंवा एरंडी काहीही लावून उपयोग नव्हता. तिला कापूस हवा. हेलिकोव्हर्पा दहा घरी जेवते, हिचं जवळपास एकच घर, आणि ते घर आम्ही सहा-सात महिने उघडं ठेवतो.

फवारा काढला. माझ्या एकरातला हा पहिलाच रासायनिक, बाबांच्या साडेतीन एकरात तिसरा. मास्क, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ. आईने रस्त्याकडे पाहिलं.

१९ नोव्हेंबर

उद्या मतदान, गावात भोंग्यांचा आवाज एकदाचा थांबला. तूर फुलात. हेलिकोव्हर्पाचा मुक्काम आता तुरीवर. या वेळी झेंडूची उरलेली फुलं एकही तोडू दिली नाही. वेचणी दर तिसऱ्या दिवशी, वहीत खूण करून. भावाला अळीमागे एक रुपया. एकेचाळीस रुपये झाल्यावर त्याने दर वाढवून मागितला. इंग्रजी टी आकाराचे पक्षी थांबे लावले, त्यावर कोतवाल बसतो, फुकट काम करतो.

आज एक दृश्य. कुरतडलेल्या तुरीच्या शेंड्यावर एक बारीक काळी गांधीलमाशी, मुंगीएवढी, मिशा सतत नाचवत. शेजारच्या धडक्या शेंड्यांवर ती बसलीच नाही. कुरतडलेल्यावरच तीनदा आली, तिसऱ्यांदा लहान अळीवर झुकली, डंख मारल्यासारखी वाकली आणि गेली. अळीच्या अंगात अंडं घालून गेली असावी.

झाड कुरतडलं जातं तेव्हा ते वेगळा वास सोडतं आणि त्या वासावर अशा माश्या अळी शोधत येतात. १९९० मध्ये टर्लिंग्स आणि सहकाऱ्यांनी हे मक्याच्या रोपांवर दाखवलं. नुसतं ब्लेडने कापलं तर झाड तेवढं बोलत नाही. जखमेत अळीची लाळ लागली की बोलतं. तंबाखूवर २००१ मध्ये आणखी एक दिसलं: अळी लागलेलं झाड रात्री असे वास सोडतं की अंडी घालायला आलेली मादी तिथे बसत नाही, खानावळ भरलेली बघून पुढे जाते. म्हणजे माझ्या तुरीवरून रात्री जे वारं जातं त्यात तीन-चार प्रकारचे निरोप असतात आणि मी त्यातला एकही वाचू शकत नाही. मिरची पावडर किंवा डिझेलचा वास येतो तेवढा मला कळतो.

काकांना ती माशी दाखवली. त्यांनी चप्पल काढली होती, मी हात धरला.

१५ डिसेंबर

हरभरा घाट्यावर येतोय. पहाटे आजीबरोबर गेले. काल रात्री तिने पिकावर पांढरं धोतर पसरून ठेवलं होतं. आता दवाने जड झालेलं ते पिळलं तर वाटीभर आंब, म्हणजे हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट पाणी, निघाली. जिभेवर टेकवली तर दात आंबले. पोटदुखीवर ती वर्षभर बाटलीत ठेवते.

या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं, आणि ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ खुंटते. ज्या वाणाच्या पानावर आंब जास्त तिथे अळी कमी टिकते. त्याच आंबेमुळे ट्रायकोग्रामाचं, म्हणजे अंड्यांवर जगणाऱ्या मित्रकीटकाचं, हरभऱ्यात काही चालत नाही. एका वाटीत दोन्ही. आजीला विचारलं, धोतर पसरून आपण झाडाचं औषधच पिळून नेतो की काय? ती म्हणाली, "एका धोतरानं काय होते. तिकडं दोन एकर उभं हाये."

५ जानेवारी २०२५

वजन-मापं. माझ्या एकरात कापूस बाबांच्या एकरी सरासरीएवढाच, थोडा कमीच. रासायनिक फवारे माझे दोन, त्यांचे पाच. तूर अजून मळायची आहे. झेंडूचे तीन गोण्यांचे पैसे आले, ते बाबांनी माझ्या खात्यात धरले आणि अळ्यांचे गेलेले रुपये माझ्या खर्चात.

फरदडीवरून, म्हणजे तीच पऱ्हाटी पुढे उभी ठेवण्यावरून, भांडण झालं. झाडावर अजून कवड्या (अर्धवट फुटलेली बोंडं) आहेत, पाणी दिलं तर फेब्रुवारीत एक वेचणी निघते, बाबांचं म्हणणं खोटं नाही. पण गुलाबीला मिळणारं जेवण तेच. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पऱ्हाटी उपटायला ट्रॅक्टर सांगून आले, साडेचारही एकरांसाठी.

१२ जानेवारी

वावर साफ. मोकळ्या मातीत एक गुलाबीचा सापळा मुद्दाम उभा ठेवला, ल्यूर बदलून. आज सकाळी पाहिलं: आसपास शंभर पावलांत कापसाचं एक पान नाही, सापळ्यात पाच नर. रात्रभर वारा पश्चिमेकडून होता. पूर्वेला काकांची फरदड उभी आहे. चहाला त्यांच्याकडे जाते आहे, सापळा बरोबर घेऊन.